सातवा फर्मा

३ जुलै

ही वही आमच्या हिच्या हातची. छापखान्यातून उरून आलेले कागद तिने घडी घालून शिवले, वर निळं कापड चढवलं आणि काल माझ्या हातात ठेवली. "कॉलेजात जाणारी माणसं रोजचं लिहून ठेवतात म्हणे. तुम्हीही लिहा." टाके जरा वाकडे गेलेत. मी चेष्टेने म्हटलं, "चाळीस वर्षांत तुझा टाका रेघ सोडून गेला नाही, आणि नेमका माझ्याच वहीला हा अवतार?" तर म्हणे, "घरच्या माणसाला चालतं."

तर घरच्या माणसाने आज सहासष्टाव्या वर्षी 'तत्त्वज्ञान आणि धर्म' या विषयाच्या वर्गात पाऊल ठेवलं. त्या इमारतीत मी आयुष्यभर जातोय, पण मागच्या दाराने, खांद्यावर आम्ही बांधलेल्या प्रबंधांचे गठ्ठे घेऊन. आज पुढच्या दाराने गेलो. पहारेकरी ओळखीचा. म्हणाला, "गठ्ठा कुठाय?" म्हटलं, "आज गठ्ठा मीच."

माझं शिक्षण खळ वाळेपर्यंतचं. एका पुस्तकाला लावलेली खळ वाळेपर्यंत दुसरं उघडून वाचायचं. त्यामुळे मला पुष्कळ पुस्तकांचा मध्य ठाऊक आहे, शेवट फार थोड्यांचा. गेली दोन वर्षं बाहेरून परीक्षा दिल्या तेव्हा कुठे प्रवेश मिळाला. आता शेवटापर्यंत जायचं.

८ जुलै

वर्गात आम्ही बारा जण. अकरा पोरंपोरी विशीतली, आणि मी. बारा भरले नसते तर विभागाला टाळं लागणार होतं, असं लिपिक बोलून गेला. विभागप्रमुखांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "तुमच्यासारखा जिज्ञासू म्हणजे विभागाला भूषण." माझे डोळेच भरून आले.

पोरं त्यांना 'परिशिष्ट' म्हणतात. काहीही विचारा, "ते आपण शेवटी पाहू." शिकवतात ते एका बांधीव वहीतून वाचून. ती वही मीच बांधलेली, बावीस वर्षांपूर्वी. शिवण अजून घट्ट आहे. मजकुराबद्दल मी बोलू नये.

मला सगळे 'आजोबा' म्हणतात. एक मुलगी जाड भिंगांचा चष्मा लावते, तिला 'भिंगरी'. ती फार प्रश्न विचारते, म्हणून परिशिष्ट तिच्याकडे बघायचं टाळतात.

१९ जुलै

आज हिने चहा कपाबाहेर ओतला. बशीतही नाही, थेट माझ्या टिपणांवर. मी टिपणं उचलून झटकली. पुसता पुसता तीच म्हणाली, "दिव्याभोवती कडं दिसतं हो हल्ली. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का?"

म्हटलं, "जाऊ की. पंधरा दिवसांवर चाचणी आलीय, ती होऊ दे."

"बरं," म्हणाली.

माझ्या ओळखीत असे नवरे आहेत, ज्यांनी हा शब्द बायकोच्या तोंडून कधी ऐकला नाही. मी भाग्याचा.

६ ऑगस्ट

चाचणी झाली. वीसपैकी सतरा. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

धर्माच्या तासाला आज करुणा. परिशिष्टांनी विचारलं, "आजोबा, तुम्ही तर जगून बसलाय. दुसऱ्याचं दुःख आपल्याला कळतं म्हणजे नेमकं काय होतं?" मी उत्तर दिलं, की कळणं आधी आणि वळणं नंतर असं नाही, लक्ष देणं हीच करुणेची पहिली पायरी. ते म्हणाले, "लिहून काढा हे." घरी येऊन तेच लिहायला बसलो, तर ही विचारते, "दोऱ्याचं रीळ कुठे ठेवलंत?" म्हटलं, समोर आहे. परत विचारलं. "अगं, समोर! नाकासमोर!" असा ओरडलो. तिने हात फिरवून शोधलं. तोवर माझा मुद्दा डोक्यातून निघून गेला. करुणेवरचं पान अर्धंच राहिलं.

२४ ऑगस्ट

डॉक्टरकडे जायचं राहिलंच. तीही परत काही बोलली नाही. म्हणजे बरं वाटत असणार.

११ सप्टेंबर

मानाचं काम आलंय. परिशिष्टांचा मोठा ग्रंथ छापून झाला. ऑक्टोबरात परिसंवाद आहे, त्यात पन्नास प्रती पाहुण्यांना द्यायच्या, कापडी बांधणीत, हाताने शिवलेल्या. म्हणाले, "घरचंच काम आहे, आजोबा. विभाग तुमचाच." मी होकार दिला. ही म्हणाली, "तुम्ही अभ्यास करा. मी शिवते."

आमच्या घरात हे असंच चालत आलंय. छापलेला मोठा कागद तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. ती फर्मे ओळीने लावते आणि शिवते. मी पाठ गोल करतो, कडा कापतो, पुठ्ठा आणि कापड चढवतो. आणि पाठीवर नाव घालतो. लोक मला 'बाइंडर' म्हणून ओळखतात, ते त्या पाठीवरच्या नावामुळे.

आज हातगाडीवरून फर्मे आले. छापखान्याचा माणूस सांगून गेला, की मशीन बिघडल्यामुळे सातवा फर्मा दुसरीकडे छापून घेतलाय. एकूण बावीस. माझ्या निबंधाची तारीख जवळ आलीय.

१ ऑक्टोबर

पन्नास प्रती पोचवल्या. शिवल्यावर एकेक प्रत चाळून बघायचं काम नेहमी माझं असतं. या वेळी नुसती जाडी मापली आणि दाबाखाली घातल्या, निबंध कालच द्यायचा होता. हिचा हात आहे म्हटल्यावर बघायचं काय! बोटं मात्र तिची जागोजागी टोचलेली दिसली. म्हटलं, "अंगठ्याला टोपण घाल की." म्हणाली, "टोपण घातलं तर कागद लागत नाही हाताला."

६ ऑक्टोबर

लिहू नये असं वाटतं. लिहितो.

सभागृह भरलेलं. परगावच्या मोठ्या विदुषी पाहुण्या म्हणून आल्या होत्या. मी तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. ही आली नाही. "मी तिथे धडपडेन, तुम्ही जा," म्हणाली होती. बाईंनी ग्रंथातला एक उतारा वाचायला घेतला, पान उलटलं आणि थांबल्या. पुस्तक फिरवलं. परत फिरवलं. शहाण्णव पानानंतर एकदम एकशे बारा, तेही डोक्यावर उभं. सातवा फर्मा उलटा. कुणी तरी फसकन हसलं. मग सगळेच आपापल्या हातातली पुस्तकं फिरवायला लागले. पन्नास पुस्तकं गोल गोल फिरताहेत आणि मी बघतोय.

परिशिष्ट माइकवर म्हणाले, "आमच्या विद्यार्थी-आजोबांची बांधणी आहे. जग उलटं करून पाहणं, हीच तर तत्त्वज्ञानाची सुरुवात." टाळ्या पडल्या. बाहेर आल्यावर मला एका बाजूला घेऊन म्हणाले, "लाज आणलीत." या वेळी माझा हात धरला नाही.

घरी येऊन एक प्रत हिच्यापुढे आदळली. तिने पानावरून हात फिरवला. "हाताला तर बरोबर लागला होता," म्हणाली.

"हाताला? आणि डोळे काय फुटले होते तुझे?"

तिने पुस्तक मिटून बाजूला सारलं. मग म्हणाली, "बरं." आणि उठून गेली. जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला. रागात माणसाला दार दिसत नाही.

१४ ऑक्टोबर

बाकीच्या एकोणपन्नास प्रतीही परत आल्या. दुरुस्त करून द्या म्हणून निरोप. उसवायला बसलो. एकेक कापड काढायचं, दोरा कापायचा, सातवा फर्मा सुलटा करायचा. आपल्याच घरची शिवण कापताना हाताला कसं तरी होतं. काय घट्ट शिवण आहे!

तिसावी प्रत उसवताना डोक्यात लख्ख उजेड पडला. चूक म्हणजे काय? दोन-चार प्रतींत होते ती चूक. थकून, घाईत. पण पन्नास प्रती, प्रत्येकीत बावीस फर्मे, आणि त्यातला एकच, तोच, प्रत्येक वेळी तस्साच उलटा? बाकी एकवीस जागच्या जागी, केसभर इकडे-तिकडे नाहीत? ही चूक नव्हे. हा सूड.

माझं कॉलेज तिला पहिल्यापासून खुपत असणार. संसारात अडकून तिचं शिकायचं राहिलं, आणि मी मात्र म्हातारपणी वह्या घेऊन निघालो. तोंडाने 'बरं, बरं' म्हणायचं आणि असं भर सभेत काढायचं. चाळीस वर्षं एका चटईवर जेवायला बसलो, आणि माणूस कळलं नाही मला.

२० ऑक्टोबर

सहा दिवस मी बोललो नाही. तीही नाही. जेवायला वाढते, तेव्हा ताटलीची कड बोटाने चाचपून मग वाढते. बोलायचं नसलं म्हणजे माणूस खाली मान घालून काय काय करतं.

काल लेकीचा फोन आला होता. हिने तिला माझ्याविरुद्ध काही सांगितलं नाही. मी ऐकत होतो.

२ नोव्हेंबर

आज माझं सादरीकरण होतं. विषय 'अनुमान'. धूर दिसला की आग ओळखायची, म्हणजे दिसतं त्यावरून न दिसणारं गाठायचं. उदाहरण पुस्तकातलं घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. म्हटलं, "आपल्या विभागाच्या पन्नास प्रती घ्या." नाव कुणाचं घेतलं नाही, 'शिवणारा' एवढंच म्हणालो. चूक विखुरलेली असते, हेतू सारखा असतो. एकच दोष पन्नास वेळा, म्हणजे हेतू. परिशिष्टांनी फळ्यावर लिहिलं: 'दोष सारखा, म्हणून हेतू.' म्हणाले, "वीस वर्षांत इतकं स्वच्छ उदाहरण ऐकलं नाही." त्या सभेनंतर पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसले.

भिंगरीने हात वर केला. "आजोबा, शिवणाऱ्याला दिसतच नसेल तर?"

वर्ग हसला. कुणी तरी म्हणालं, "तुझ्यासारखं का गं?" तीही हसली, पण बसली नाही. चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाली, "मी हा काढून काम करते ना, तेव्हा असंच होतं. चुकते ते दर वेळी तिथेच चुकते. कारण बोटं दर वेळी तेच सांगतात."

परिशिष्ट म्हणाले, "ते आपण शेवटी पाहू."

घरापर्यंत चालत आलो. टेबलाखाली फर्म्यांचे उरलेले जादा नग होते, न कापलेले. फर्म्याची घडी अशी पडते, की पाठीच्या बाजूला एक दुमड आणि डोक्याच्या, म्हणजे पानाच्या वरच्या, बाजूला एक. डोक्याकडची कड बंद असते, ती आम्ही शेवटी कापून काढतो. सहावा घेतला, डोळे मिटले. पाठ डावीकडे, बंद कड वर. डोळे उघडले. सुलटा. आठवा घेतला. सुलटा. सातवा घेतला, डोळे मिटले, पाठ डावीकडे केली, बोटांनी बंद कड शोधून वर केली.

डोळे उघडले. अक्षरं डोक्यावर उभी.

दुसऱ्या छापखान्याची घडी वेगळी. त्यांची बंद कड पायाशी. डोळे असलेला माणूस एका प्रतीतही फसणार नाही. नुसती बोटं असलेला माणूस पन्नासही वेळा फसेल.

ही खिडकीशी बसली होती, सुईत दोरा ओवत. सुईचं टोक ओठाला लावून बघत होती. समोर जाऊन उभा राहिलो. तिने मान वर केली नाही. मी सातवा फर्मा तिच्या हातात दिला. "कसा ठेवशील?"

तिने कडेवरून बोट फिरवलं आणि ठेवला. उलटा.

"उलटा आहे," मी म्हटलं. सहा आणि तेरा, एकोणीस दिवसांनी मी तिच्याशी बोललो ते हे.

"हो का? मग दुसरीकडून आलेला असणार. सांगायचं होतंत."

"कधीपासून दिसत नाही तुला?"

"चाचणी होऊ दे म्हणालात ना, त्याच्या आधीपासून."

५ नोव्हेंबर

काचबिंदू. उजवा डोळा गेलेला आहे. डाव्यात, डॉक्टरबाई म्हणाल्या, बंद खोलीच्या किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढं उरलंय. रोज थेंब घालायचे, मग एक शस्त्रक्रिया, उरलेलं टिकावं म्हणून. गेलेलं येत नाही.

मी विचारलं, "जुलैत आणलं असतं तर?"

त्या काही तरी लिहीत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता आहे ते सांभाळू या." आणि हिला विचारलं, "घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही हो, आजी?"

ही म्हणाली, "ह्यांचा अभ्यास चालू होता."

टोमणा मारला असता तर मी सहन केला असता. तिने नुसतं सांगितलं, जसं शेजारणीला सांगावं.

३० नोव्हेंबर

सादरीकरणाला पंचवीसपैकी पंचवीस. परिशिष्टांनी शेरा लिहिलाय, 'अनुमानाचा आदर्श नमुना'. मी त्यांच्या खोलीत गेलो आणि सांगितलं, की ते अनुमान खोटं निघालं, शिवणाऱ्याला दिसत नव्हतं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "अरेरे. पण मांडणी उत्तम होती, आजोबा. गुण मांडणीचे असतात." मग म्हणाले, "प्रती कधी देताय?"

एकोणपन्नास दिल्या. एक ठेवून घेतली, आहे तशी. त्यांनी मोजल्या नाहीत.

१७ मार्च

शस्त्रक्रियेची तारीख आणि शेवटच्या पेपरची तारीख एकच निघाली. मी म्हटलं, पेपर सोडतो. ही म्हणाली, "लेक येतेय ना? ती नेईल मला. तुम्ही जा. एवढं सगळं ज्यासाठी झालं, ते तरी होऊ दे."

मी नको म्हणणार होतो. दोनदा म्हटलंही. तिसऱ्यांदा म्हटलं नाही.

गेलो. पेपर चांगला गेला. तिसरा प्रश्न अनुमानावर होता.

२८ एप्रिल

निकाल लागला. विभागात पहिला. लिपिक म्हणाला, पेढे कुठायत. भिंगरी तिसरी आली. मला म्हणाली, "आजींना माझा नमस्कार सांगा." ती एकदाही घरी आलेली नाही, पण शिवणाऱ्याला दिसत असेल का, हे वर्गात विचारणारी ती एकटीच.

गुणपत्रिका हिच्या हातात दिली. तिने अंगठा आणि बोट यांच्यात धरून चोळली, कानाशी नेऊन वाजवली. "कागद हलका वापरलाय," म्हणाली. "वर्षभरात पिवळा पडेल. पुठ्ठा लावून ठेवा." मग तिने तो ज्या काळजीने घडी न घालता टेबलावर ठेवला, ते बघवलं नाही.

३ मे

शस्त्रक्रिया होऊनही डावा डोळा मिटत चाललाय. शिवण तिने आपण होऊन बंद केली. दाभण, सुया, मेणाचा गोळा सगळं एका डब्यात भरून माझ्या हातात दिलं. दुकान मी एकट्याने चालवू शकत नाही, हे मला आता कळलं. पाठीवर नाव घालायला आधी पाठ असावी लागते.

दुपारी ती म्हणाली, "त्या निळ्या वहीत काय लिहिता रोज? मला वाचून दाखवा ना. शिवलीय तर मीच."

काय सांगणार? वाचायला बसलो. पहारेकऱ्याचं वाचलं, ती हसली. परिशिष्टांचं वाचलं, खूप हसली. चहा सांडल्याचं वाचलं, तेव्हा म्हणाली, "टिपणं वाळली होती का मग?" माझं 'मी भाग्याचा' वाचताना अडखळलो, तिने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला, अंदाजाने. असं करत ऑक्टोबरापर्यंत आलो. सहा तारीख वाचली. डोळ्यांबद्दल जे बोललो होतो, तेही वाचलं. मग पान उलटलं आणि वीस तारखेवर गेलो.

"दोन पानं एकदम उलटलीत," ती म्हणाली.

मी तसंच पुढे वाचायला घेतलं.

"अहो, चाळीस वर्षं कागद ऐकलाय मी. एक पान वेगळं वाजतं, दोन वेगळी वाजतात. मागे घ्या."

मागे घेतलं. चौदा तारीख वाचली. प्रती परत आल्याचं, उसवल्याचं, घट्ट शिवणीचं. तिसाव्या प्रतीपर्यंत आलो. 'ही चूक नव्हे' असं वाचलं. पुढचे दोन शब्द वहीत आहेत ते आहेत. मी वाचलं, "हा थकवा." त्याच्या खालची ओळन् ओळ, तिला माझं कॉलेज खुपण्याची, मी वाचलीच नाही. बोट ठेवून नुसता श्वास घेतला आणि त्याच सुरात शेवटच्या वाक्यावर आलो: "चाळीस वर्षं एका चटईवर जेवायला बसलो, आणि माणूस कळलं नाही मला."

या वेळी पान उलटलं नव्हतं. कानाला लागण्यासारखं काही नव्हतं.

तिने माझ्या दिशेला तोंड केलं, जरासं चुकवून, माझ्या खांद्याच्या पलीकडे. "एवढंच लिहिलंय?"

"एवढंच."

"बरं," ती म्हणाली.